न हरलेल्यांचे काय करायचे?

२८ जानेवारी २०२३ ची सकाळ. परभणीत बऱ्यापैकी थंडी होती आणि मी अंगणात उन्हाला खुर्ची टाकून बसलो होतो. माझा नातू वर्तमानपत्राचे क्रीडापान घेऊन आला. तेव्हा तो दहा वर्षांचा होता. आदल्या दिवशी मुंबईत ब्रेबोर्न मैदानावर महाराष्ट्र आणि मुंबई यांचा रणजी सामना अनिर्णित राहिला होता आणि दोन्ही संघ स्पर्धेबाहेर गेले होते. गुणतक्त्यावर बोट ठेवून त्याने विचारले, ‘‘आबा, आपण एकबी मॅच हारलो नाही. मग आपण भायेर कामून?’’

आतून सूनबाईंचा आवाज आला, ‘‘भायेर नाही, बाहेर म्हण.’’ मी मात्र त्याच्या भाषेकडे लक्ष न देता उत्तर देऊन मोकळा झालो, ‘‘गुण कमी पडले असतील, बाळा.’’

‘‘गुण तर सौराष्ट्राएवढेच हायेत. अन् ते तर दोनदा हारलेत.’’

मी चष्मा लावला. पोराचे खरे होते. महाराष्ट्राचे सात सामने, पराभव शून्य. सौराष्ट्राचे सात सामने, पराभव दोन. दोघांचेही गुण २६. सौराष्ट्र उपांत्यपूर्व फेरीत गेले, महाराष्ट्र घरी आला. पुढे फेब्रुवारीत त्याच सौराष्ट्राने कोलकात्याला ईडन गार्डन्सवर बंगालला हरवून रणजी करंडक उचलला. दोनदा हरलेला विजेता झाला आणि एकदाही न हरलेल्याला शेवटच्या आठांतही जागा मिळाली नाही.

त्या दिवसापासून हा प्रश्न वेताळासारखा माझ्या मानगुटीवर आहे. जो हरलाच नाही, त्याला अंतिम लढतीपर्यंत जाण्याचा हक्क असतो की नाही? प्रश्न क्रिकेटचा दिसतो. पण तो घरातल्या मुलांच्या गुणपत्रिकेचाही आहे, कचेरीतल्या बढतीचाही आहे आणि, पुढे सांगणार आहे, माझ्या स्वतःच्या नोकरीचाही आहे.

एका धावेचा हिशेब

आधी हिशेब मांडू. तीस-पस्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला हिशेब मांडल्याशिवाय बोलता येत नाही.

रणजी साखळीत निर्णायक विजयाला ६ गुण मिळतात. तो विजय डावाने किंवा दहा गडी राखून असेल तर वर १ गुण बोनस. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला ३ आणि मागे पडणाऱ्याला १. पराभवाला शून्य. म्हणजे पिछाडीवर राहून सामना वाचवला काय आणि सरळ हरला काय, फरक एका गुणाचा. न हरण्याला या पद्धतीत किंमत आहे, पण ती रुपयातल्या आण्यासारखी.

महाराष्ट्राने तीन सामने जिंकले, त्यांचे १८ गुण. चार सामने अनिर्णित राहिले. त्यांत दोनदा आघाडी, म्हणून ३ अधिक ३. एकदा पिछाडी, म्हणून १. आणि शेवटच्या सामन्यात १. एकूण २६. सौराष्ट्रानेही तीनच जिंकले, त्यांचेही १८. पण त्यांतले दिल्ली आणि हैदराबादवरचे विजय एका डावाने होते, म्हणून २ गुण जादा. दोन अनिर्णित सामन्यांत आघाडी घेतली, म्हणून ६. दोन पराभवांचे शून्य. एकूण २६. जमाखर्च पैपैशाने जुळतो! आंध्रचेही तेवढेच गुण होते, पण त्यांनी चार सामने जिंकले होते. समान गुणांनंतरचे निकष लागले आणि महाराष्ट्र तिसरा आला. गटातून जाणार होते दोघे.

आता त्या शेवटच्या सामन्यातल्या एका गुणाकडे पाहा. महाराष्ट्राच्या पहिल्या डावात ३८४ धावा झाल्या. मुंबईच्याही बरोबर ३८४ झाल्या. पहिल्या डावात बरोबरी ही गोष्ट क्रिकेटमध्ये अशी क्वचित घडते, की पंचांनाही नियमाचे पान उलटावे लागावे. आघाडी कुणालाच नाही, म्हणून दोघांना एकेक गुण. शेवटच्या दिवशी मुंबईपुढे २५३ धावांचे लक्ष्य होते. त्यांनी ते वेगाने गाठायचा प्रयत्न केला आणि ६ बाद १९५ वर खेळ थांबला. पहिल्या डावात महाराष्ट्राला एक, फक्त एक धाव जास्त मिळाली असती, तर ३ गुण मिळून बेरीज २८ झाली असती आणि गटात पहिला क्रमांक आला असता.

दिवसअखेर रोकड एका रुपयाने कमी भरली की शाखेतले सगळे कर्मचारी रात्री नऊपर्यंत बसलेले मी पाहिले आहेत. खिशातला रुपया टाकून घरी जाता येत नाही. कारण चूक कुठे आहे ते कळलेच पाहिजे. ती एक धाव अशीच कुठेतरी सांडली. एखादा वाइड, एखादी न धावलेली चोरटी धाव, सीमारेषेवर हातातून निसटलेला चेंडू.

परभणीकराला यात आणखी एक गंमत दिसते. आपल्या एका राज्याचे रणजीत तीन संघ: मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. १९५६ पूर्वी आपण निजामी मुलखात, म्हणून आमच्या वडिलांच्या पिढीचे लक्ष हैदराबादच्या संघाकडे असे. आज जिंतूरच्या पुढे हिंगोली ओलांडली की वाशीमला विदर्भाचा संघ सुरू होतो. त्यामुळे आमच्याकडे रणजीची निष्ठा ही एस.टी.च्या रिझर्व्हेशनसारखी आहे. जागा मिळेल तिथे बसायचे. पण त्या जानेवारीत आम्ही सगळे महाराष्ट्राचे होतो, आणि दुखावलो होतो.

बरोबरीत सुटलेली कुस्ती

दुखावले म्हणून अन्याय झाला असे मात्र नाही. इथे जरा थांबून विचार केला पाहिजे.

आपल्याकडच्या जत्रेतली कुस्ती आठवा. दोन पैलवान अर्धा तास एकमेकांच्या मानेवर हात टाकून फिरत राहतात. कुणी डाव टाकत नाही, कारण टाकला आणि फसला तर पाठ लागायची. शेवटी पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात आणि इनाम वाटून देतात. दोघेही हरलेले नसतात. पण फेटा उडतो का कुणाचा? गावकरी ओरडत असतात, ‘‘अरे, काहीतरी करा की!’’ उलट, डाव टाकून स्वतः चीतपट झालेल्या पोराच्या पाठीवर चार म्हातारे थाप मारून जातात.

न हरणे दोन प्रकारचे असते. हे अगदी स्वच्छ दिसले ते २०२४-२५ च्या रणजी हंगामात. अंतिम सामना नागपूरजवळ जामठ्याला, विदर्भ विरुद्ध केरळ. दोन्ही संघ त्या हंगामात अपराजित. पण विदर्भाने साखळीतले सातपैकी सहा सामने जिंकले होते, मग तामिळनाडूला आणि मुंबईला हरवले होते. केरळने साखळीत तीन जिंकले, चार अनिर्णित राखले. पुढे पुण्यात जम्मू-काश्मीरच्या २८० ला २८१ असे उत्तर देऊन, म्हणजे एका धावेच्या आघाडीवर, ते उपांत्य फेरीत गेले. तिथे अहमदाबादला केरळ ४५७, गुजरात ४५५. गुजरातच्या शेवटच्या फलंदाजाने मारलेला चेंडू जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटवर आदळून उडाला आणि स्लिपमध्ये झेलला गेला. दोन धावांच्या आघाडीवर केरळ पहिल्यांदाच रणजीच्या अंतिम सामन्यात पोहोचले. गोलंदाज होता आदित्य सरवटे, आपला नागपूरचा. विदर्भाच्या आधीच्या दोन अजिंक्यपदांत खेळलेला आणि त्याच हंगामात केरळला गेलेला.

अंतिम सामना २ मार्च २०२५ ला संपला, तोही अनिर्णित. विदर्भ ३७९, केरळ ३४२. पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. केरळ हंगामात एकदाही न हरता करंडकाविना परतले. ज्या पायरीने ते एका आणि दोन धावांनी वर चढले होते, त्याच पायरीवर ३७ धावांनी अडखळले. हंगामाची बेरीज केली तर विदर्भाने दहापैकी आठ सामने जिंकले, केरळने दहापैकी तीन. पराभवाच्या रकान्यात दोघांचेही शून्य. पण त्या दोन शून्यांचे वजन सारखे आहे, असे कोण म्हणेल?

जगातही हेच दिसते. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकात एकही सामना न हरलेला संघ एकच होता, न्यूझीलंड. स्लोव्हाकिया, इटली आणि पॅराग्वे यांच्याशी तीन बरोबऱ्या, आणि पहिल्याच फेरीत बाहेर. विश्वविजेता झाला स्पेन, जो आपला पहिलाच सामना स्वित्झर्लंडकडून हरला होता. कपिल देवच्या संघाचे १९८३ मध्ये आपण अजून गोडवे गातो. तो संघ साखळीत वेस्ट इंडिजकडून आणि ऑस्ट्रेलियाकडून हरला होता. ‘एकदाही न हरलेलाच अंतिम सामन्याला लायक’ असा नियम असता, तर लॉर्ड्सच्या गच्चीतले ते छायाचित्र आपल्या दिवाणखान्यांत लागले नसते. आणि २०२३ चा १९ नोव्हेंबर तर कुणालाच विसरता येणार नाही. सलग दहा विजय मिळवलेला भारत अहमदाबादला हरला, तो पहिले दोन सामने गमावलेल्या ऑस्ट्रेलियाकडून. त्या रात्री आमच्या गल्लीत जेवणाची ताटे तशीच राहिली. पण अन्याय झाला असे कुणी म्हटले नाही. कारण सामना झाला होता.

माझी शून्य थकबाकी

आता स्वतःची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

१९९० च्या दशकाच्या मध्यावर मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाखेत अधिकारी होतो. बँकेचे नाव सांगत नाही. त्या काळात कुठल्याही बँकेत हे घडले असते. माझ्याबरोबरच भरती झालेला एक मित्र शेजारच्या तालुक्यात होता. आम्हा दोघांची बढतीची मुलाखत एकाच दिवशी लागली.

माझ्या कर्जखात्यांत थकबाकी शून्य होती. मला त्याचा अभिमान होता. पण ती शून्य कशी राहिली? मी कर्ज द्यायचो ते मुदत ठेवीवर, सोन्यावर, पगारदाराला. मित्राने विहिरींना दिले, म्हशींना दिले, किराणा दुकानाला दिले, तेलघाण्याला दिले. बहुतेक खाती उभी राहिली. दोन बुडाली. एका विहिरीला पाणी लागले नाही आणि एकाच्या कापसावर अळी पडली.

मुलाखतीत तीन साहेब होते. मित्राला त्या दोन खात्यांवर पंधरा मिनिटे उभे-आडवे विचारले. मला एकच प्रश्न विचारला.

‘‘थकबाकी?’’

‘‘शून्य, सर.’’

‘‘गुड.’’

मला बढती मिळाली, त्याला नाही. मी किती नवी कर्जे दिली, हे कुणी विचारलेच नाही. विचारले असते तर मला खाली बघावे लागले असते.

एक मुलगा मला अजून आठवतो. आय.टी.आय. झालेला, मोटार रिवाइंडिंगचे दुकान टाकायचे म्हणत होता. त्या भागात विहिरींवर मोटारी वाढत होत्या आणि जळालेली मोटार दुरुस्त करायला लोक परभणीपर्यंत येत. मी त्याला जमीनवाले दोन जामीनदार आणायला सांगितले. त्याच्याकडे ते नव्हते. तो तीनदा आला. चौथ्यांदा आला नाही. न दिलेल्या कर्जाची थकबाकी कुठल्याच वहीत लागत नाही, म्हणून माझी वही कोरी आणि स्वच्छ राहिली.

मित्र पेढे खायला घरी आला. माझी बायको अवघडली होती, मीही. तो म्हणाला, ‘‘अरे, त्या दोन खात्यांबद्दल विचारलं त्याचं मला काही नाही. बुडालीच होती ती. पण काय मोजणार ते आधी सांगितलं असतं, तर मीपण मुदत ठेवीवरच कर्ज दिलं असतं की!’’

हे वाक्य तो हसत म्हणाला होता. मला त्याचा अर्थ पुरता कळायला नातवाचा प्रश्न यावा लागला.

फ्लोरिडातला फोन

डिसेंबर २०२३ मध्ये माझ्या भाच्याचा अमेरिकेतून फोन आला. तो बरीच वर्षे फ्लोरिडात राहतो आणि तिथल्या विद्यापीठांच्या फुटबॉलचे त्याला वेड आहे. हा फुटबॉल आपला नव्हे; अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचा. पण विद्यापीठांच्या पोरांचे सामने बघायला लाख-लाख माणसे जमतात.

‘‘मामा, अंधेर आहे,’’ तो म्हणाला. ‘‘तेरा सामने, तेरा विजय. तरी बाहेर!’’

प्रकरण असे. तेव्हा त्या स्पर्धेत अजिंक्यपदाच्या बाद फेरीसाठी चार संघ निवडले जात आणि ती निवड तेरा जणांची समिती करत असे. फ्लोरिडा स्टेट हा संघ सगळे तेरा सामने जिंकून आपल्या विभागाचा विजेता झाला होता. पण त्याचा मुख्य खेळाडू, क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस, नोव्हेंबरमध्ये पाय मोडून बसला होता. समितीचे मत पडले की त्याच्याशिवाय हा संघ आता पूर्वीसारखा राहिला नाही. ३ डिसेंबरला यादी जाहीर झाली. एकेक सामना हरलेले टेक्सास आणि अलाबामा आत, आणि एकही न हरलेला फ्लोरिडा स्टेट पाचवा, म्हणजे बाहेर.

इथे बरोबऱ्या नव्हत्या, राखून खेळणे नव्हते. तेरा वेळा डाव टाकला, तेरा वेळा समोरचा चीत. त्यांना हरवले ते मैदानाबाहेर, एका खोलीत, ‘पुढे तुम्ही हरला असता’ या अंदाजावर.

समितीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. त्याच महिन्याच्या ३० तारखेला एका वेगळ्या सामन्यात जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटला ६३-३ असे धुऊन काढले. बघा, समितीचे बरोबर होते, असे लोक म्हणाले. पण बाहेर काढल्यावर त्या संघातल्या अनेक खेळाडूंनी त्या सामन्यातून अंग काढून घेतले होते. आधी पंगतीतून उठवायचे आणि मग म्हणायचे, बघा, याला भूकच नव्हती! हा काही पुरावा नव्हे.

माझ्या मुलाखतीच्या खोलीत न हरलेल्याला निवडले गेले, अमेरिकेतल्या खोलीत न हरलेल्याला वगळले गेले. निकाल उलटे, पण चूक एकच. काय मोजायचे ते तोंडे पाहिल्यावर ठरवले गेले. महाराष्ट्राचा संघ बाहेर गेला तो मात्र पहिला चेंडू पडण्याआधी छापलेल्या नियमाने. ६ किती, ३ किती, १ किती, हे प्रत्येक कर्णधाराला माहीत होते. म्हणून जानेवारीतले ते दुःख होते, अन्याय नव्हता.

कुणी म्हणेल, छापील नियम काय देवाघरून येतो? मूर्ख नियमही छापलेला असू शकतो. असतोच. २०१९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंड आणि न्यूझीलंड दोघांच्या २४१ धावा झाल्या, सुपर ओव्हरमध्येही दोघांच्या १५. मग चौकार-षटकार मोजले, २६ विरुद्ध १७, आणि इंग्लंड विजेते ठरले. धावांनी कुणीही हरले नव्हते. साऱ्या जगाने डोक्याला हात लावला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तो नियम काढून टाकला गेला. पण इंग्लंडचा करंडक परत मागितला नाही. नियम वाईट असेल तर पुढच्या डावासाठी बदलावा. चालू डावात पत्ते बदलू नयेत. अमेरिकेतही २०२४ पासून चाराऐवजी बारा संघ घेऊ लागले. फ्लोरिडा स्टेटच्या त्या पोरांना त्याचा काय उपयोग, हा प्रश्न उरतोच. पण पुढच्या पोरांसाठी दार रुंद झाले.

तेव्हा माझे मत सांगतो. न हरलेल्याला अंतिम लढतीचा जन्मसिद्ध हक्क नाही. तसा हक्क दिला तर सगळेच जण कुस्ती बरोबरीत सोडवू लागतील, सगळेच अधिकारी माझ्यासारखे मुदत ठेवीवर कर्ज देऊ लागतील आणि सगळीच मुले अवघड प्रश्न सोडून सोपे तेवढे सोडवतील. पण न हरणे ही अगदीच फुकट गोष्टही नाही. गुण समान असतील तर आधी जास्त विजय पाहावेत. विजयही समान असतील तर कमी पराभव पाहावेत. या हिशेबाने २०२३ मध्ये चार विजयांचे आंध्र आत गेलेच असते, आणि सौराष्ट्र व महाराष्ट्र यांच्यात महाराष्ट्र. मग सौराष्ट्र विजेते झाले नसते, हे मला कळते. पण नियम पुढचा विजेता कोण होईल हे बघून करायचा नसतो.

गेल्या महिन्यात माझ्या नातवाला शाळेच्या गणित स्पर्धेला बसायचे होते. चुकीच्या उत्तराला गुण कापणार होते. ‘‘आबा, येत नसलेलं सोडून देऊ का सोडवून बघू?’’ त्याने विचारले. आता तो ‘बाहेर’ नीट म्हणतो, त्याचे मला थोडे वाईट वाटते. मी विचारले, ‘‘किती कापणार ते सांगितलंय का आधी?’’

‘‘हो, छापलंय वर.’’

‘‘मग ज्याची वाट दिसतीये ते सोडवून बघ,’’ मी म्हणालो.

त्याचे तीन प्रश्न चुकले. नंबर आला नाही. संध्याकाळी तो ते तिन्ही पुन्हा घेऊन बसला होता, आणि मी त्याच्या शेजारी बसून, फारसे काही न समजता, पाहत होतो.